निवृत्तीची तारीख ३१-१२-२०३७ : २०३८ च्या तारीखदोषासाठी एका पंचायत समितीची तयारी

गृहकर्जासाठी बँकेनं एक दाखला मागितला होता : नोकरी किती वर्षं शिल्लक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या मॅडमनी तो पंचायत समितीच्या शिक्षण विभागातून काढला आणि बँकेत दिला. हप्त्याचा आकडा हातात आला तेव्हा कळलं की कर्जाची मुदत सहा वर्षांनी कमी धरलेली आहे. मॅडमचा जन्म एप्रिल १९८६ चा, म्हणजे निवृत्ती ३० एप्रिल २०४४. दाखल्यावर छापलं होतं ३१-१२-२०३७.

दुसऱ्या दिवशी त्या दहावीची सनद घेऊन ऑफिसात आल्या. ऑपरेटर ताईंनी यादी उघडली, खाली सरकवली, आणि मला फोन केला. "भाऊ, जरा येऊन पाहून घ्या ना. एवढे लोकं एकाच दिवशी रिटायर कसे काय होऊन राह्यले?"

यवतमाळच्या बाजूच्या या तालुक्यात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे आणि पंचायत समितीच्या मशीनची देखभाल बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मी गेलो तेव्हा यादीची प्रिंट टेबलावर होती. दीड पान भरून एकच तारीख, एकाखाली एक. त्यातले काही शिक्षक तर नोकरीला लागून चारच वर्षं झालेले.

यादी कशी बिघडली

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे प्रकरण सेवार्थ, शालार्थ (पगाराच्या), ई-ग्रामस्वराज (ग्रामपंचायतींच्या हिशेबाची) यांसारख्या सरकारकडून, वरून चालणाऱ्या प्रणालींचं नाही. त्या आपल्या हातात नसतात. पण प्रत्येक ऑफिसात त्यांच्या जोडीला एक घरगुती प्रोग्राम असतो, जो कुणीतरी गरजेपोटी बनवून घेतलेला असतो आणि ज्याच्यावर रोजचं काम चालतं. इथं तो सेवापुस्तकांच्या नोंदींचा होता. तालुक्यातल्याच एका पोरानं पीएचपी या भाषेत लिहिलेला, नोंदी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ठेवणारा. तो आता पुण्यात नोकरीला आहे. प्रोग्राम मात्र कोपऱ्यातल्या विंडोज ७ च्या मशीनवर झॅम्पमधून (पीएचपी आणि मायएसक्यूएल एकत्र चालवणारं पॅकेज) तेव्हाही चालत होता आणि निवृत्तीची यादी, वेतनवाढीची यादी, दाखले, सगळं त्यातूनच निघत होतं.

संगणकाला तारीख कळत नाही, त्याला सेकंद कळतात. बहुतेक प्रणाली १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले तेवढा आकडा ठेवतात आणि दाखवताना त्याची तारीख करतात. तो आकडा ३२ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ मावणाऱ्या ३२ घरांच्या, जागेत ठेवला तर २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जागाच उरत नाही. जुन्या चाकाच्या वीजमीटरची सगळी घरं ९ वर गेली की तो परत शून्यावर येतो. इथं आकडा शून्यावर न येता थेट उणे टोकाला जातो, आणि उणे टोकाची तारीख आहे १३ डिसेंबर १९०१. ही जागा भरते तो क्षण आपल्या घड्याळाप्रमाणे १९ जानेवारी २०३८ च्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. त्या दिवशी मंगळवार आहे. ऑफिस उघडण्याच्या तासभर आधी. यालाच २०३८ चा तारीखदोष म्हणतात.

ऑफिसातल्या मशीनवर पीएचपी ५ होतं. विंडोजवर पीएचपी ५ आकडे ३२ बिटांतच ठेवायचं, मशीन ६४ बिटांचं असलं तरी. पीएचपी ७ आलं तेव्हा हे सुधारलं, पण चालत्या गाडीला कोण हात लावतो. जन्मतारखेत ५८ वर्षं मिळवून येणारी तारीख १९ जानेवारी २०३८ च्या पुढे गेली की हे पीएचपी 'जमत नाही' असं उत्तर देतं. प्रोग्राम ते उत्तर न तपासता तारीख म्हणून छापतो आणि कागदावर येतं ०१-०१-१९७०.

म्हणजे यादीत मुळात १९७० यायला हवं होतं. मग २०३७ कुठून आलं? हे शोधायला मला दोन दिवस लागले, आणि उत्तर प्रोग्रामात नव्हतंच. ज्याची निवृत्तीची तारीख आजच्या आधीची, त्याला प्रोग्राम निवृत्त समजतो आणि चालू कर्मचाऱ्यांच्या यादीतून काढून टाकतो. काही वर्षांपूर्वी तरुण शिक्षक असे यादीतून गायब व्हायला लागले, तेव्हा त्या वेळच्या ऑपरेटरनं तारखेच्या रकान्यात हातानं वेगवेगळ्या तारखा टाकून पाहिल्या. ३१-१२-२०३७ टाकली की माणूस यादीत टिकतो, महिनाभर पुढची टाकली की जातो. त्यानं ती तारीख धरली, काम पुढे नेलं, आणि जाताना पुढच्या ऑपरेटरला तोंडी सांगून गेला. तिनं ताईंना सांगितलं. "मले तं वाटलं, असंच टाकायचं असते," ताई म्हणाल्या. त्यांना दोष देण्यात काही अर्थ नाही. पुढ्यातलं काम अडलं की ऑपरेटर ते काढणारच, कारण यादी साहेबांना चार वाजता हवी असते.

पगार शालार्थमधून निघत असल्यानं कुणाचा पगार अडला नाही. म्हणून इतकी वर्षं कुणाची ओरडही आली नाही. मॅडमच्या दाखल्यापर्यंत ही खोटी तारीख त्या एका मशीनच्या बाहेर कुणाला टोचलीच नव्हती.

"अजून बारा वर्षं आहेत"

गटविकास अधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न रास्त होता. २०३८ ला अजून दहा-बारा वर्षं आहेत, तोपर्यंत ही मशीनही नसतील आणि आपणही नसू, मग आत्ता याच्यामागे का लागायचं? मी त्यांच्यापुढं यादी आणि मॅडमचा दाखला शेजारीशेजारी ठेवले. या ऑफिसात २०३८ येऊन गेलेलं होतं. ज्या दिवशी कुणीतरी १९८० नंतर जन्मलेल्या शिक्षकाची नोंद भरली त्या दिवशी ते आलं. जिथं जिथं आपण पुढची तारीख आत्ता लिहितो, निवृत्ती असो, मोबाइल टॉवरचा पंधरा वर्षांचा करार असो, कर्जाचा शेवटचा हप्ता असो, तिथं हा दोष आजच्या कामात शिरतो. मला या सगळ्या प्रकरणात सांगायचं आहे ते हेच, आणि साहेबांना ते पटलं कारण कागद समोर होता.

त्यांनी त्याच दिवशी टिपणी मांडायला सांगितली. मॅडमना सेवापुस्तकावरून दुरुस्त दाखला हातानं लिहून दिला. बँकेनं तो घेतला.

दुरुस्तीची सीमारेषा

तारखा सुधारायचं काम सोपं वाटलं होतं : जिथं ३१-१२-२०३७ आहे तिथं जन्मतारखेवरून हिशेब करून नवी तारीख टाकायची. पण काही लोक खरोखरच ३१ डिसेंबर २०३७ ला निवृत्त होणार आहेत. वयाची ५८ वर्षं ज्या महिन्यात पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, आणि जन्म १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, असा नियम आहे. त्यामुळे २ डिसेंबर १९७९ ते १ जानेवारी १९८० या दिवसांत जन्मलेल्यांची ३१-१२-२०३७ ही तारीख खरी. २ जानेवारी १९८० ला जन्मलेला माणूस ३१ जानेवारी २०३८ ला निवृत्त होतो आणि सीमेच्या पलीकडे पडतो. एका दिवसाचा फरक. चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांना ६० वर्षं असल्यानं त्यांची सीमारेषा दोन वर्षं आधी, १९७८ च्या जानेवारीत येते. शाळेतला परिचर आणि शिक्षक यांना एकच सूत्र लावलं असतं तर नव्यानं चुका झाल्या असत्या.

इथं दुसरीच एक चूक सापडली. जुना प्रोग्राम १ तारखेचा नियम पाळतच नव्हता. आपल्याकडं शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून नाहीतर १ जुलै लिहून टाकलेली माणसं थोडी नाहीत. त्या सगळ्यांची निवृत्ती प्रोग्राम एक महिना उशिरा दाखवत होता. या चुकीचा २०३८ शी काही संबंध नव्हता, पण तारखा एकेक करून तपासल्या नसत्या तर ती तशीच राहिली असती.

मग ठरवलं की निवृत्तीची तारीख साठवायचीच नाही. जन्मतारीख आणि कर्मचाऱ्याचा वर्ग (चतुर्थश्रेणी आहे की नाही) एवढंच ठेवायचं, तारीख दर वेळी हिशेबानं काढायची. त्यासाठी जन्मतारीख पक्की हवी. ताई, एक वरिष्ठ सहायक आणि मी, आम्ही कपाटातली सेवापुस्तकं काढून पहिल्या पानावरची जन्मतारीख, अंकी आणि अक्षरी दोन्ही, स्क्रीनवरच्या तारखेशी ताडून पाहिली. एकानं वाचायचं, एकानं पाहायचं, तिसऱ्यानं पेन्सिलीनं खूण करायची. पंख्याच्या वाऱ्यानं पानं उडायची म्हणून वर पेपरवेट ठेवून वाचलं. सगळ्या प्रकरणात जास्त वेळ गेला तो इथं, आणि जास्त खरं काम झालं तेही इथंच. काही जणांची अंकी आणि अक्षरी तारीख जुळत नव्हती. त्यांच्या नोंदींना हात न लावता त्यांची वेगळी यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं दिली, कारण तो निर्णय ऑपरेटरचा नाही आणि माझा तर नाहीच.

प्रोग्रामचं काम त्यामानानं लहान. सेकंदांचा आकडा ठेवणारे रकाने काढून तिथं सरळ तारखेचे रकाने केले. नोंद कधी झाली हे ठेवणारे रकाने टाइमस्टॅम्प प्रकारचे होते. मायएसक्यूएलमधला तो प्रकारही २०३८ लाच संपतो, म्हणून ते डेटटाइम केले. त्याची मर्यादा ९९९९ सालापर्यंत आहे. ६४ बिटांचं पीएचपी ८ आणि नवं मायएसक्यूएल टाकलं. नवं मशीन घेतलं की प्रश्न सुटला असं अनेकांना वाटतं, ते मला इथं खोडायचं आहे. मशीन, पीएचपी, मायएसक्यूएल आणि रकान्याचा प्रकार या चारांपैकी एक जरी जुनं राहिलं तर दोष तिथंच राहतो.

८ वाजून ४४ मिनिटं

चाचणी चालू मशीनवर घ्यायची नाही, हे मी पहिल्या दिवसापासून बजावून सांगितलं होतं. घड्याळ पुढं सरकवलं की अँटिव्हायरसची मुदत संपते, डिजिटल सहीचा डोंगल बाद दाखवतो, सरकारी साइट उघडत नाहीत, आणि त्या वेळात कुणी नोंद केली तर ती २०३८ च्या तारखेनं बसते. मी दुकानातलं एक जुनं मशीन आणलं, त्यावर जुन्या प्रोग्रामची जशीच्या तशी नक्कल उतरवली आणि नेटवर्कची वायर काढून बाजूला ठेवली.

ऑफिस सुटल्यावर बसलो. साहेब, विस्तार अधिकारी, ताई, वरिष्ठ सहायक. घड्याळ १९ जानेवारी २०३८, सकाळी ८:४० वर लावलं. चार मिनिटं कुणी फारसं बोललं नाही. ८:४४:०७ आलं आणि गेलं. कोपऱ्यातलं घड्याळ ८:४५ वर गेलं, कारण विंडोज स्वतःचा वेळ वेगळ्या रीतीनं, १६०१ सालापासून मोजतं आणि त्याला या सेकंदाचं काही वाटत नाही. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी ताईंना एक नवी नोंद भरायला सांगितली. त्यांनी नाव टाकलं, जन्मतारीख टाकली, 'जतन करा' दाबलं, परत दाबलं. झॅम्पच्या खिडकीत मायएसक्यूएलच्या नावामागचा हिरवा रंग गेला.

परत चालू केलं तर ते चालू होईना. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्राम स्वतःच्या घडामोडी लिहून ठेवतो त्या फाइलीत, ओळ होती, की हा सर्व्हर २०३८ नंतरच्या तारखा हाताळत नाही. जुन्या मायएसक्यूएलला हे ठाऊक आहे. चुकीची नोंद करण्यापेक्षा तो स्वतःला बंद करून घेतो. माझ्या मते लिहिणाऱ्यांनी हे फार शहाणपणानं केलं आहे, पण ऑफिसच्या दृष्टीनं अर्थ एवढाच की त्या मंगळवारी दहा वाजता एकही दाखला निघाला नसता.

मग तेच घड्याळ नव्या जोडणीवर लावून पाहिलं. ८:४४ गेलं, नोंद बसली, दाखला छापला, मॅडमची निवृत्ती ३०-०४-२०४४ आली. पुढं २९ फेब्रुवारी २०४० लावून पाहिलं, तेही बरोबर.

ग्रामपंचायतींचा फेरा

तालुक्याचं झालं, पण ग्रामपंचायतींत काय आहे हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. साहेबांनी विस्तार अधिकाऱ्यांसोबत मला पाठवलं. मे महिना, सकाळी सहाला निघायचं आणि ऊन चढायच्या आत दोन-तीन गावं करायची. प्रत्येक ठिकाणी एकाच कागदावर लिहायचं : कोणतं यंत्र, त्यात कोणता प्रोग्राम, तो कुणी बसवला, तारीख कुठं कुठं लागते.

पहिल्याच गावात जे दिसलं ते पुढं अनेक ठिकाणी दिसलं. ऑपरेटर पोरानं मशीन सुरू केलं आणि काही म्हणायच्या आत घड्याळावर क्लिक करून तारीख बदलली. रोज करतो म्हणाला. "नाही केलं तं साइट खुलतच नाही सर." मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा, मदरबोर्डवरचा सीआर २०३२ चा गोल सेल कधीच मेलेला. दिवसातून चार वेळा लाइन जाते, इन्व्हर्टरची बॅटरी तग धरत नाही, आणि दर वेळी घड्याळ २००९ च्या १ जानेवारीवर जाऊन बसतं. एखाद्या दिवशी तो विसरला, किंवा लाइन मधेच गेली आणि घाईत पावती काढली, की घरपट्टीची नमुना १० ची पावती २००९ ची निघते. पावतीच्या स्थळप्रतींत अशा काही पावत्या सापडल्याच. एका बाईंनी मार्चअखेर भरलेला कर प्रोग्रामात सोळा वर्षं आधीचा बसल्यानं नमुना ९ मध्ये, म्हणजे करमागणीच्या नोंदवहीत, थकबाकी तशीच दिसत होती. ती दुरुस्ती ग्रामसेवकांनी त्याच दिवशी, पावती पाहून, शेरा लिहून केली.

२०३८ साठी निघालो आणि सेल बदलत फिरलो, असं झालं. पण ज्या मशीनला आजची तारीख माहीत नाही तिला बारा वर्षांनंतरची काय विचारायची? सेल सादिलमधून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या पैशातून, घेतले. मशीन उघडायचं, जुना सेल नखानं उचकटायचा, नवा दाबून बसवायचा, पाच मिनिटांचं काम.

या फेऱ्यात वरिष्ठ सहायकांनी एक आठवण सांगितली. २००० साली तालुक्यात संगणक नावालाच होते, त्यामुळं वायटूकेचा, म्हणजे साल २००० च्या तारीखदोषाचा, त्रास इथं झाला तो छापील रजिस्टरांचा. 'सन १९__' असं आधीच छापलेलं असायचं. जुना साठा संपेपर्यंत दोन वर्षं ते '१९' खोडून वर '२०' लिहीत होते. ज्या पानावर खोडायचं राहिलं, त्या जन्मनोंदीसाठी अजून लोक येतात.

एक्सेलमध्ये तर तारीख २०३८ च्याही आधी फसते. टॉवरच्या जागेचा करार, गाळ्यांची मुदत, हे सगळं ग्रामसेवक एक्सेलमध्ये ठेवतात आणि साल दोन आकड्यांत टाइप करतात. या मशीनवर २९ पर्यंतचे आकडे २००० च्या शतकातले आणि ३० पासूनचे १९०० च्या शतकातले धरले जात होते. एका गावात टॉवरच्या कराराचा शेवट ३१-०३-३५ असा दिसत होता. एक्सेलच्या चौकोनात बरोबर दिसतो. वरच्या पट्टीत पाहिलं तर ३१-०३-१९३५. मुदत संपलेल्या करारांची यादी लावली तर हा करार सगळ्यात वर येतो. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत ही सीमा २०४९ पर्यंत सरकवली आहे, म्हणून एकच फाइल दोन मशीनवर भरली तर दोन वेगळी शतकं निघतात. यावर उपाय एकच आणि तोही फुकटचा : साल चार आकड्यांत लिहायचं. साहेबांनी तसं परिपत्रक काढलं आणि तारखेचा रकाना चार आकडी करून फाइलचा कोरा नमुना सगळ्यांना दिला.

ज्याच्यावर माझ्याकडं उपाय नव्हता ती यंत्रं म्हणजे हजेरीची बायोमेट्रिक आणि कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारे डीव्हीआर. त्यांच्या पोटात लहानसं ३२ बिटांचं लिनक्स (विंडोजसारखीच एक प्रणाली) असतं. लिनक्समध्ये अशा यंत्रांसाठीची दुरुस्ती २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून आहे, पण ही यंत्रं त्याच्या आधीची आणि त्यांना नवी आवृत्ती कुणी पुरवत नाही. एकावर तारीख पुढं करून पाहिली, तर वर्षाचा आकडा २०३७ च्या पुढं सरकूच देत नव्हतं. ही यंत्रं तोवर टिकणार नाहीत, हे मान्य करून त्यांच्यापुढं 'बदलायचं' असं लिहिलं. पण खरेदीच्या अटींत एक ओळ घालायला लावली, की यंत्र १९ जानेवारी २०३८ नंतरच्या तारखांवर चालतं हे पुरवठादारानं दाखवून द्यावं. दाखवून द्यावं, नुसतं लिहून देऊ नये. आज घेतलेला डीव्हीआर गावात पंधरा वर्षं चालवला जातो, शहरासारखा चार वर्षांत फेकला जात नाही. पाण्याच्या टँकरवरच्या जीपीएसलाही हीच अट लावली, कारण जीपीएसचा आठवड्यांचा मोजणीआकडा १०२४ वर फिरून शून्यावर येतो. १९९९ च्या ऑगस्टमध्ये आणि ६ एप्रिल २०१९ ला तो फिरला, आता २० नोव्हेंबर २०३८ च्या रात्री परत फिरेल.

चार्जलिस्ट

पावसाळ्याच्या तोंडावर साहेबांची बदली झाली. तीन वर्षं भरली होती. अशी कामं बदलीतच बुडतात, हे मी आधी पाहिलेलं आहे. फाइल कपाटात जाते, ज्याला ठाऊक असतं तो दुसऱ्या तालुक्यात जातो, आणि ऑपरेटर परत कुणाच्या तरी तोंडी सांगण्यावर काम करू लागतो. म्हणून यंत्रांची ती गावनिहाय यादी साहेबांनी कार्यभार हस्तांतरणाच्या कागदांत घातली, जडवस्तू संग्रह नोंदवहीच्या खालोखाल, वेगळ्या अनुक्रमांकानं. प्रत्येक यंत्रापुढं शेवटची तपासणी आणि पुढची तपासणी असे दोन रकाने, साल चार आकड्यांत.

नव्या साहेबांनी चार्ज घेताना त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे. ताईंनी त्यांना ती दीड पानाची जुनी यादी काढून दाखवली. त्यांनी ती उभ्यानंच वाचली, मग खुर्ची ओढली, आणि त्या अनुक्रमांकापुढं सही करण्याआधी दोन गावांची नावं वाचून तिथले सेल बदलले का ते विचारलं. एका गावातला बदलायचा राहिला होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जाऊन बसवून आलो.